समेट करणाऱ्यांची कमिटी

पाचही नावं मीच काढली होती. वरून दबाव नव्हता. कुणाची चिठ्ठी आली नव्हती. अध्यक्षसाहेब एवढंच म्हणाले होते, "सुधाकर, सोमवारपर्यंत नावं दे." मी शुक्रवारीच दिली. नावं चुकीची होती. ती चुकीची आहेत हे मला कळायला हवं होतं, कारण माणसं कशी निवडायची याचे नियम इंग्रजीतून मराठीत मीच आणले होते.

मी, सुधाकर साळवी, तेव्हा कोल्हापुरात आमच्या चर्चच्या जिल्हा ऑफिसात सचिव होतो. नव्वदच्या दशकात कारकून म्हणून लागलो आणि नवं शतक उजाडता उजाडता सचिवाच्या खुर्चीवर बसलो. बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरं, जमिनींचे कागद, पाळकांच्या म्हणजे धर्मगुरूंच्या बदल्या, मुलींच्या बोर्डिंगचे प्रवेश, हे माझं काम. चर्चच्या सगळ्या सभासदांना मिळून आमच्यात 'मंडळी' म्हणतात. मंडळीचा कारभार पाहणारे जे निवडून आलेले ज्येष्ठ, ते 'पंच'.

दोन हजार सालानंतर आमच्या वरिष्ठ मंडळाकडून चौदा पानांचं एक परिपत्रक आलं. विषय होता सेफगार्डिंग. चर्चमध्ये, शाळेत, बोर्डिंगात लहान मुलांना किंवा दुबळ्या माणसांना मोठ्यांकडून इजा होऊ नये, याची व्यवस्था. तरीही तक्रार आलीच तर एक 'केस मॅनेजमेंट ग्रुप' नेमायचा. नाव मोठं, पण गोष्ट साधी. चार-पाच माणसं. ती न्यायाधीश नसतात. तक्रार करणाऱ्याचं नीट ऐकायचं, ते मूल त्या दिवसापासून सुरक्षित राहील असं बघायचं, ज्याच्यावर तक्रार आहे त्याला कामावरून बाजूला करायचं, पोलिसांत जायला हवं असेल तर जायचं आणि तोंड बंद ठेवायचं. एवढंच त्यांचं काम. ही माणसं कोण असावीत तेही लिहिलं होतं. दोन्ही बाजूंचा नातेवाईक नको. तक्रार करणाऱ्यावर ज्याचा हुकूम चालतो असं कुणी नको. निम्म्या बाया हव्यात. आणि एक तरी माणूस चर्चच्या बाहेरचं हवं, कायदा किंवा मुलांचं काम जाणणारं.

मी त्याचं भाषांतर केलं, झेरॉक्स काढून सगळ्या मंडळ्यांना पाठवलं, एक प्रत फाइलला लावली आणि पुढच्या कामाला लागलो.

नाताळ होऊन पंधरा दिवस झाले असतील. आजऱ्याच्या एसटीनं एक बाई ऑफिसात आली. काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जाणारी. बोटं चिकानं काळी पडलेली.

"सलाम सायेब. माझी पोरगी तुमच्या बोर्डिंगात हाय. धाव्वीला."

"बसा मावशी. काय काम काढलं?"

तिनं पदराच्या गाठीतून वहीचं पान काढलं. मुलीचं पत्र होतं. त्या मुलीला मी इथे रूपा म्हणतो. तिचं नाव ते नाही. बोर्डिंगातून घरी जाणारं प्रत्येक पत्र तेव्हा सुपरिंटेंडंट मार्थाबाईंच्या हातून जायचं. त्या वाचायच्या, मग पाकीट चिकटवायच्या. म्हणून रूपानं हे पत्र गावाकडं जाणाऱ्या एका मैत्रिणीच्या दप्तरातून पाठवलं होतं. चारच ओळी होत्या. सराव संपल्यावर मास्तर मला एकटीला थांबवतात. दार लावतात, अंगाला हात लावतात. कुणाला सांगितलंस तर बोर्डिंगातून काढतील म्हणतात. आई तू ये.

मास्तर म्हणजे आमच्या क्वायरचे, चर्चमधल्या गायनवृंदाचे मास्तर. बोर्डिंगच्या मुलींना गीतं शिकवायचे. वीस वर्षांत त्यांच्या पेटीशिवाय आमच्यातलं लग्न लागलं नव्हतं. माझंही नाही.

"माझी पोरगी मार खाईल, पर खोटं बोलायची न्हाय," रूपाची आई म्हणाली.

"बघतो मी मावशी."

"बघू नका सायेब, करा कायतरी. मार्चात परीक्षा हाय तिची."

अध्यक्षसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तो तुझा ग्रुप नेमावा लागेल ना?"

"हो साहेब."

"बाहेरचं माणूस कोण घेणार?"

त्यांनी विचारलं होतं, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. उत्तर माझं होतं. मी म्हणालो, "साहेब, बाहेरचं सध्या नको. पेपरात आपल्याबद्दल आधीच काय काय छापून येतंय. ही गोष्ट बाहेर गेली तर गावभर होईल."

"आणि नियम?"

"आपल्यातलीच जबाबदार माणसं घालतो."

"बघ बाबा. मंडळीत फाटाफूट नको."

मी कोरा कागद घेतला आणि पहिलं नाव लिहिलं शामुवेलदादांचं. दादा पेठ वडगावचे, निवृत्त हेडमास्तर, तीस वर्षांचे पंच. ते नाव मला का सुचलं, ते समजायला आमच्यातली एक रीत सांगावी लागेल. प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. मनात वैर ठेवून तो घ्यायचा नाही, असा आमचा दंडक. म्हणून आदल्या दिवशी पंच भांडलेल्यांना वेस्ट्रीत बोलवायची. वेस्ट्री म्हणजे चर्चला लागून असलेली पाळकांची खोली. दोन्ही बाजूंचं ऐकायचं, दोघांनी हातात हात द्यायचा, 'क्षमा केली' म्हणायचं. याला समेट म्हणतात. या कामात दादांचा हात धरणारा कुणी नव्हता. सामायिक भिंतीवरून अकरा वर्षं न बोललेल्या दोन भावांना त्यांनी एका ताटात जेवायला बसवलं होतं. वर म्हणाले होते, "भिंत हाय तिथंच ऱ्हाऊ दे. तुमी इकडं या."

पुढची दोन नावं अशाच समेटात मुरलेल्या पंचांची. चौथं मार्थाबाईंचं. मुलींना ओळखणारी एक बाई हवी, असं मी स्वतःला सांगितलं. रूपाला पत्र चोरून का पाठवावं लागलं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं. मी ते बाजूला सारलं. पाचवा मी, लिहून घ्यायला. यादीवर मी खूश होतो. मंडळीत या नावांना कुणीही नाक मुरडणार नव्हतं.

बैठक शनिवारी सकाळी ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. तारीख मी तशी पाहूनच धरली होती. वेस्ट्रीत खुर्च्या समोरासमोर मांडल्या, नेहमी मांडतात तशा. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला शाळेच्या गणवेशातली रूपा. तिची आई दारापाशी आली तेव्हा मी म्हणालो, "मावशी, तुम्ही बाहेर व्हरांड्यात बसा. नियमात बसत नाही." असा नियम चौदा पानांत कुठंही नव्हता.

दादांनी प्रार्थना केली. मग रूपाला म्हणाले, "बोल बाळ. घाबरू नगंस. समदी आपलीच माणसं हायती."

रूपानं एकदा समोर मास्तरांकडं पाहिलं, एकदा मार्थाबाईंकडं, आणि खाली पाहिलं. बोलली नाही. दादांनी पुन्हा विचारलं. नाही बोलली. दादा आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि समजावलं. मास्तर तुझ्या वडलांच्या वयाचे, चाल बसवताना जवळ यावं लागतं, तुझा काही गैरसमज झाला असेल. मास्तरांनी हात जोडले. "माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर पोरीनं मोठ्या मनानं पोटात घालावं."

"बघ, मोठा माणूस हात जोडतोय," दादा म्हणाले. "हात दे बाळ. म्हण, क्षमा केली."

रूपा हलली नाही. मार्थाबाई म्हणाल्या, "दे गं. मेसची वेळ झाली."

तिनं हात दिला. "क्षमा केली" म्हणाली. मी लिहीत होतो. 'प्रकरण प्रार्थनापूर्वक समेटाने मिटले.' वाक्य पूर्ण करूनच मी पेन खाली ठेवलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.

रूपा बाहेर गेली आणि आईला म्हणाली, "चल." आईनं विचारलं, "काय झालं?" रूपा म्हणाली, "घरला चल." दोघी तशाच स्टँडवर गेल्या. ट्रंक बोर्डिंगातच राहिली. ती पुढच्या आठवड्यात आजऱ्याला जाणाऱ्या एका टेम्पोत मी पाठवली. ट्रंकेत दहावीची पुस्तकं होती. परीक्षेला रूपा आली नाही. शाळेतून विचारणा झाली तेव्हा मी कळवलं, घरगुती अडचण.

मास्तर गीतं शिकवत राहिले.

वर्ष सरलं. मग बोर्डिंगातल्या दुसऱ्या एका मुलीचे वडील ऑफिसात आले. इचलकरंजीला यंत्रमागावर काम करणारा माणूस, रात्रपाळी करून थेट आलेला. खुर्चीवर बसलाही नाही. "मास्तराचं नाव पोलिसात देऊन आलोय. तुमास्नी नुस्तं सांगाय आलोय. आदी एका पोरीनं सांगितलंतं म्हणं. तवा काय केलासा?"

अध्यक्षसाहेबांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "आता नियमानं नेम. पानन्‌पान वाचून."

नियमातलं बाहेरचं माणूस म्हणून मी मगदूम वकीलबाईंकडं गेलो. कोर्टाजवळ त्यांचं ऑफिस. बायकांच्या आणि मुलांच्या केसेस चालवायच्या. मी फाइल पुढं ठेवली. त्यांनी मिनिट्सचं, म्हणजे त्या बैठकीच्या नोंदीचं पान वाचलं आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

"पहिल्या वेळेला कोण कोण हुतं, साळवी?"

मी पाच नावं आणि ती का काढली ते सांगितलं.

"म्हंजे सोयरीक जुळवायला माणसं न्यावीत तशी नेलासा की ओ! पानसुपारी तेवढी ऱ्हायली."

त्यांनी फाइल मिटली.

"आणि त्या पोरीला इचारलासा का, बाई तुला कोण नको?"

"नाही."

"तिथनं सुरुवात करायची असती. आधी नको ती माणसं काढायची. उरतील त्यांतनं हवी ती शोधायची. तुम्ही मंडळीला कोण आवडंल ते बघितलासा. मंडळीवर कुठं काय गुदरलं हुतं?"

त्यांनी मला घरचा अभ्यास दिला. मास्तरांची सगळी नाती काढून आणायची. आमचा समाज लहान, सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी. आडनावावरून काही कळत नाही. मी दोन दिवस लग्नाची आणि बाप्तिस्म्याची रजिस्टरं घेऊन बसलो. शामुवेलदादांच्या धाकट्या सुनेची आई ही मास्तरांची मावसबहीण निघाली. दुसऱ्या एका पंचाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून सही मास्तरांची होती. रजिस्टरं माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. किल्ली माझ्या खिशात. पहिल्या वेळी ते कपाट मी उघडलंच नव्हतं.

या वेळचा ग्रुप चौघांचा झाला. मगदूम वकीलबाई, दुसऱ्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्स, एक बालरोगतज्ज्ञ आणि दूरच्या तालुक्यातले एक तरुण पाळक. त्या मुलीला आधी विचारलं. ती म्हणाली, बोर्डिंगातलं कुणी नको आणि पंच नकोत. मी स्वतःला वगळलं. यादी जाहीर झाली नाही, पण दादांच्या कानावर गेलीच. ते वडगावहून आले.

"सुधाकरा, माझं नाव न्हाई म्हणं."

"नाही दादा."

"का? म्हातारा झालो?"

"मास्तर तुमच्या सोयऱ्यात येतात."

"आपल्यात सोयऱ्यात कोण येत न्हाई रं? असली चाळण लावलीस तर कमिटीत येशू एकटाच ऱ्हाईल."

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "दादा, तुम्ही भांडणं मिटवता. हे भांडण नव्हतं. रूपाचं आणि मास्तरांचं काही वैर नव्हतं. तिला त्रास झाला होता, ती सांगायला आली होती."

दादा म्हणाले, "हे त्या दिशी सांगायचं हुतंस. मला जे येतं ते मी केलं. ती चौदा पानं मी वाचली नव्हती. तू वाचलीवतीस." ते उठले आणि चहा न घेता गेले. पुढच्या निवडणुकीत ते पंच म्हणून उभे राहिले नाहीत.

नव्या ग्रुपनं पहिल्याच दिवशी मास्तरांना आवारात यायला बंदी केली. मार्थाबाईंकडून बोर्डिंग काढून घेतलं. ती मुलगी कुणाच्याही समोरासमोर बसली नाही, बोर्डिंगात राहिली, परीक्षेला बसली आणि पास झाली. वकीलबाई आणि नर्सबाई आजऱ्याला जाऊन आल्या. रूपा घरात आईच्या शेजारी बसून दोन तास बोलली. जी मुलगी माझ्या कमिटीपुढं एक शब्द बोलली नव्हती, ती दोन तास बोलली. मला बरोबर यायचं होतं, पण वकीलबाई म्हणाल्या, "आत्ता न्हाई. तुम्हाला बघून ती पुन्हा गप्प व्हईल." केस चालली, रेंगाळली. काही वर्षांनी मास्तरांना शिक्षा झाली.

त्यानंतर तरी मी रूपाकडं जायला हवं होतं. गेलो नाही. आधी म्हणायचो, केस चालू आहे. नंतर म्हणायचो, जुनी जखम कशाला उकरा. एकदा एका पाळकांच्या निरोप समारंभाला आजऱ्याला गेलो, जेवलो, आणि स्टँडवरून परत आलो. दरम्यान असे आणखी दोन ग्रुप नेमायची वेळ आली. दोन्ही नीट नेमले. लोक म्हणायचे, साळवींना यातलं चांगलं कळतं. ते ऐकलं की मला मान खाली घालावीशी वाटायची. ज्या मुलीचं वर्ष घालवून मी हे शिकलो, तिच्याशी मी एक शब्द बोललो नव्हतो.

ज्याला यातून काही घ्यायचं असेल त्यानं एवढंच घ्यावं. कमिटी नेमताना आपण बहुतेक वेळा उद्या आपल्याला कोण बोल लावील ते बघतो. ती कुणासाठी नेमतोय ते कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आधी लिहावं, मग नावं काढावीत.

शेवटी एका रविवारी दुपारी गेलो. रूपाची आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती.

"मी साळवी. कोल्हापूरच्या ऑफिसातला."

"वळखलं. बसा."

रूपा आतून आली. सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, तिनं दहावी केली होती, तीही तिसऱ्या खेपेला. आता आईच्याच कारखान्यात काजूच्या प्रतवारीवर होती. ती बसली नाही. दाराला टेकून उभी राहिली.

"काय काम हुतं?"

"त्या पहिल्या कमिटीबद्दल बोलायचं होतं."

"ती माणसं कुणी निवडली हुती? मला वाटायचं, वरनं आली असतील."

"मी निवडली."

"आणि आईला भाईर बसवायचं, हा नियम हुता?"

"नव्हता. मी खोटं सांगितलं."

आईचा हात तांदळात थांबला. "एवढी वर्सं मी मनाला समजावत आले," ती म्हणाली. "नियमच हुता, तर माझं काय चाललं असतं."

रूपा म्हणाली, "मला हात द्यायला लावला, तवा तुम्ही लिवत हुतासा. मान वर केली न्हाई तुम्ही."

"नाही केली."

"आता माफ केलं म्हण, असं मला सांगू नका. ते एकदा म्हणवून घेतलंय माझ्याकडनं."

"नाही सांगणार. ते मागायला आलो नाही."

"मग कशाला आलासा?"

मी उठून उभा राहिलो. एसटीत जुळवलेलं सगळं विसरलो होतो, ते बरंच झालं.

"तुझं ऐकतील अशी माणसं कशी निवडायची, ते मला माहीत होतं," मी म्हणालो. "तरी मी मंडळीला सोयीची माणसं निवडली. तुझी शाळा सुटली ती माझ्यामुळं. पुढं त्या दुसऱ्या मुलीला सोसावं लागलं, तेही माझ्यामुळं. आणि मावशी, तुमची लेक आत एकटी होती, तेव्हा मी तुम्हाला खोटं बोलून दाराबाहेर ठेवलं. माझं चुकलं."